आपोआप विझणारी सिगारेट, तिचे कायदे आणि कापूस-कडब्याच्या मुलखातली आग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपोआप विझणारी सिगारेट म्हणजे काय?

झुरके घेणं थांबलं की थोड्या वेळात स्वतःहून विझावी, अशा बेताने बनवलेली सिगारेट. दिसायला, ओढायला ती नेहमीच्या सिगारेटीसारखीच असते. फरक आहे तो वरच्या कागदात. ओढता ओढता डोळा लागला, सिगारेट हातातून गादीवर पडली किंवा सोफ्याच्या फटीत गेली, तर ती शेवटपर्यंत जळत राहू नये एवढाच तिचा हेतू. तिने आग लागतच नाही असा दावा कोणताही कायदा करत नाही. शक्यता कमी होते, आणि ती किती कमी व्हायला हवी हे चाचणीतून ठरवलेलं असतं.

साधी सिगारेट कोणी ओढत नसतानाही जळत का राहते?

कारण ती तशी बनवलेली असते. तंबाखूभोवतीचा कागद सच्छिद्र असतो. त्यातून हवा आत जात राहते आणि निखारा जिवंत राहतो. शिवाय कागद एकसारखा जळावा म्हणून त्यात सोडियम किंवा पोटॅशियम सायट्रेटसारखे क्षार घातलेले असतात. त्यामुळे राखदाणीच्या कडेवर ठेवलेली सिगारेट कोणी हात न लावता शेवटपर्यंत जळते. झुरका घेताना निखाऱ्याचं तापमान ८००–९०० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. नुसती धुमसत असतानाही ते कापूस किंवा गवत पेटवायला पुरेसं असतं.

मग ती विझते कशी? कागदावर औषध लावलेलं असतं का?

सगळ्या कागदावर नाही. ठराविक अंतरावर दोन-तीन अरुंद पट्टे दिलेले असतात. स्टार्च किंवा अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारा चिकट पदार्थ) यांसारख्या पदार्थांचा पातळ थर कागदावर चढवून हे पट्टे करतात. पट्ट्याच्या जागी कागदाची छिद्रं बुजतात. निखारा जळत जळत तिथे आला की बाजूने मिळणारी हवा तुटते. ओढणारा झुरका घेत असेल तर टोकाकडून हवा खेचली जाते आणि निखारा पट्टा ओलांडून पुढे सरकतो. झुरका नसेल तर तिथेच घुसमटून विझतो. रस्त्यावरच्या गतिरोधकासारखंच हे काम आहे: जो जोर लावून जातो तो पार होतो, बाकीचा तिथे थांबतो.

यातली उणीवही नीट लक्षात घ्यायला हवी. सिगारेट पट्ट्याच्या जरा पुढे जळून गेल्यावर खाली पडली, तर पुढचा पट्टा येईपर्यंत ती जळतच राहते. तेवढ्या वेळात खाली कोरडा, भुसभुशीत कापूस असेल तर तो धुमसायला लागू शकतो. शेवटच्या पट्ट्यानंतर तर अडवणारं काहीच उरत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या राज्यांच्या कायद्यांत पट्ट्यांच्या जागेबद्दलही अट आहे: किमान दोन पट्टे एकसारखे, त्यातला एक तरी पेटवण्याच्या टोकापासून किमान १५ मिलिमीटर अंतरावर, आणि फिल्टरकडचा पट्टा तंबाखूच्या फिल्टरकडच्या टोकापासून किमान १० मिलिमीटर दूर.

सिगारेट नियमात बसते की नाही, हे कसं तपासतात?

बहुतेक देशांनी अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक संस्थेची ई२१८७ ही पद्धत किंवा तिच्यावरून तयार झालेली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची १२८६३ ही पद्धत घेतली आहे. साधारण २३ अंश सेल्सिअस तापमान आणि ५५ टक्के आर्द्रता राखलेल्या खोलीत वारा लागू न देता, गाळण कागदाच्या १० थरांवर पेटती सिगारेट आडवी ठेवतात आणि ती पूर्ण लांबीपर्यंत जळते का, ते बघतात. अशा ४० सिगारेटी तपासल्या की एक चाचणी पूर्ण होते. त्यातल्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे १० पेक्षा जास्त, शेवटपर्यंत जळल्या तर तो प्रकार नापास.

गाळण कागदाचे थर सिगारेटीची उष्णता शोषून घेतात. गादी-सोफ्यावर पडल्यावर जे होतं, त्याच्या जवळ जाणारी ही परिस्थिती आहे. पण ही चाचणी वाळलेल्या गवतावर, कडब्यावर किंवा उन्हात तापलेल्या रुईवर होत नाही, आणि मराठवाड्याच्या दृष्टीने हा मुद्दा फार मोठा आहे. पुढे तो पुन्हा येईल.

हे कायदे आले कसे, आणि कुठे कुठे आहेत?

अमेरिकेत १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेस्टवूड गावी सिगारेटने लागलेल्या आगीत आई, वडील आणि पाच मुलं असं एक कुटुंब गेलं. तिथले खासदार जो मोकली यांनी त्याच वर्षी केंद्रीय विधेयक मांडलं. सिगारेट उद्योगाचा विरोध इतका होता की १९८४ आणि १९९० च्या कायद्यांतून फक्त अभ्यास करायचे आदेश निघाले, प्रत्यक्ष मानक सक्तीचं झालं नाही. अशी सिगारेट बनवता येते आणि कदाचित विकताही येईल, असा अभ्यासगटाचा निष्कर्ष १९८७ मध्येच आला होता.

शेवटी राज्यांनी पुढाकार घेतला. न्यूयॉर्कने २००० मध्ये कायदा केला आणि २८ जून २००४ पासून तो अमलात आणला. इतर राज्यं मागोमाग आली आणि २०११ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत हा नियम लागू झाला. देशभर नियम करणारा पहिला देश कॅनडा, १ ऑक्टोबर २००५ पासून. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमध्ये २०१० मध्ये, तर युरोपीय संघात १७ नोव्हेंबर २०११ पासून नियम लागू झाला. त्या वेळी युरोपीय आयोगाने दिलेल्या आकड्यांनुसार तिथे सिगारेटीमुळे वर्षाला ३०,००० हून अधिक आगी लागत होत्या आणि १,००० हून अधिक माणसं मरत होती.

या कायद्याने आगी खरंच कमी झाल्या का?

सिगारेटी बदलल्या यात शंका नाही. न्यूयॉर्कचा नियम आल्यावर हार्वर्डच्या संशोधकांनी तिथल्या सिगारेटी आणि कॅलिफोर्निया व मॅसॅच्युसेट्स या राज्यांतल्या त्याच ब्रँडच्या सिगारेटी घेऊन तपासल्या. २००५ मध्ये निकाल छापून आला: न्यूयॉर्कमधल्या सरासरी १० टक्के सिगारेटी शेवटपर्यंत जळल्या, त्या दोन राज्यांतल्या ९९.८ टक्के.

आगींचं मोजमाप अवघड असतं, कारण त्याच काळात धूम्रपान कमी झालं, घराघरांत धूरसूचक यंत्रं आली आणि गाद्यांचे नियमही कडक झाले. तरी मॅसॅच्युसेट्समधल्या २००४ ते २०१० या काळातल्या घरगुती आगींच्या अभ्यासात, नव्या मानकाच्या सिगारेटीने चुकून आग लागण्याची शक्यता २८ टक्क्यांनी कमी दिसली. आमच्या मते नियम करायला एवढं कारण पुरेसं आहे. आग लागल्यावर बंब पाठवण्यापेक्षा कारखान्यात कागद बदलणं कितीतरी स्वस्त आहे.

विझणाऱ्या सिगारेटीचा धूर जास्त विषारी असतो म्हणतात, ते खरं का?

त्याच हार्वर्डच्या अभ्यासात धुरातले बहुतेक घटक दोन्हीकडे जवळपास सारखे निघाले. काही मोजक्या घटकांचं प्रमाण थोडं जास्त होतं. थोडक्यात, ती ओढणाऱ्यासाठी कमी घातक नाही आणि लक्षणीय जास्त घातकही नाही. विक्रीवर परिणाम झाल्याचंही दिसलं नाही. गिऱ्हाईक ही सिगारेट स्वीकारणार नाही, हा कंपन्यांचा जुना मुद्दा तिथेच संपला.

भारतात असा कायदा आहे का?

नाही. आपल्याकडे सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांचा २००३ चा कायदा (कोटपा) आहे. त्यात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान, जाहिरात, अठरा वर्षांखालच्यांना विक्री, पाकिटावरचे इशारे, निकोटीन आणि टार या सगळ्याबद्दल तरतुदी आहेत. सिगारेट खाली पडल्यावर किती वेळ जळावी, याबद्दल एकही कलम नाही.

पण या विषयाशी भारताचा संबंधच नाही, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला भारताने फेब्रुवारी २००४ मध्ये मान्यता दिली. या करारातल्या देशांची नोव्हेंबर २०१२ मध्ये दक्षिण कोरियात सोल इथे बैठक झाली. तिथे कलम ९ आणि १० च्या मार्गदर्शक तत्त्वांत, सदस्य देशांनी कमी पेटवणाऱ्या सिगारेटींचं मानक लागू करावं, अशी शिफारस जोडली गेली. त्यानंतर २०१६ मध्ये याच देशांची परिषद दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात भरली. म्हणजे शिफारस आहे आणि चाचणीची पद्धतही तयार आहे. अडलंय ते अंमलबजावणीच्या नियमापाशी.

माझ्या पाकिटातली सिगारेट विझणारी आहे का, हे घरी कळेल का?

खात्रीने नाही. सिगारेट तिरप्या उजेडात फिरवून पाहिली तर कागदावर कधी कधी फिकट किंवा चकचकीत कडी दिसते, तो पट्टा असू शकतो. अमेरिकेतल्या पाकिटांवर नियम पाळल्याची खूण छापलेली असते. पण टपरीवर एकेक सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतंच कुठे? महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी-बिड्या विकायला बंदी घातली, तरी सुटी विक्री पूर्ण थांबलेली नाही. भारतात नियमच नसल्यामुळे इथली प्रत्येक सिगारेट शेवटपर्यंत जळणारी आहे असं समजूनच वागा.

आमच्याकडे सिगारेटीपेक्षा बिडीच जास्त. तिला हे लागू होईल का?

आहे त्या रूपात नाही. जगातले हे सगळे नियम कागदात गुंडाळलेल्या कारखानी सिगारेटीसाठी आहेत. बिडीचं तेंदूपान (टेंभुर्णीचं पान) दाट असतं, त्यातून हवा फारशी जात नाही, त्यामुळे झुरके थांबले की बिडी बऱ्याचदा आपोआप विझते. बिडी ओढणाऱ्याला ती पुन्हा पुन्हा पेटवावी लागते, ती म्हणूनच.

याच गोष्टीमुळे दोन धोके वाढतात. एक, प्रत्येक वेळी काडी ओढली जाते. एका बिडीमागे दोन-तीन काड्या गेल्या, तर तेवढ्या वेळा उघडी ज्योत पेटते आणि तेवढ्या वेळा काडी फेकली जाते. काडीची ज्योत निखाऱ्यापेक्षा कितीतरी लवकर गवत पेटवते. दोन, ‘बिडी विझतेच की’ या भरवशावर थोटूक न चुरगाळता टाकलं जातं. पान विझायच्या आतच ते कडब्यात पडलं, तर पुढचं काम कडबा करतो. म्हणून कापूस, कडबा आणि पाचट यांच्या जवळ बिडी आणि सिगारेट यांत फरक करू नका.

कापूस आणि रुई इतकी धोक्याची का? ज्वाळा तर दिसत नाही.

ज्वाळा दिसत नाही, हाच तर धोका आहे. कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते आणि कापूस ज्वाळेविना धुमसू शकतो. निखारा आत गेला की तो हळूहळू आतून पसरतो. वरून नुसता कुबट वास येतो, कधी बारीक धूर, कधी काहीच नाही. मग ढीग हलवला, गाठ फोडली किंवा वारा सुटला की आतपर्यंत हवा पोचते आणि एकदम ज्वाळा उठते.

जिनिंग-प्रेसिंगमध्ये हे सगळ्यात वाईट रूपात दिसतं. रुई दाबून बांधलेली गाठ साधारण १७० किलोची असते. दाबण्याआधी रुईत एखादी ठिणगी गेली असेल तर ती गाठीच्या पोटात जिवंत राहते, आणि गोदामात थप्पी लागल्यावर दोन-चार दिवसांनी धूर दिसतो. परभणी, जालना, नांदेड, बीड या पट्ट्यात हंगामात आवारात कापसाचे मोठाले ढीग पडतात आणि गाड्यांची रांग फाटकाबाहेर जाते. रांगेत थांबलेला गाडीवान बिडी पेटवतो आणि थोटूक चाकाखाली टाकतो. कापसाचं फुसकं उडत तिथपर्यंत आलेलं असतंच. अर्थात जिनिंगमधली प्रत्येक आग बिडीची नसते. कापसातून आलेला दगड किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासला जाऊन ठिणगी पडते, बेअरिंग तापते, वायर जळते. पण बिडी टाळता येते, आणि तीही फुकटात.

जिनिंगच्या आवारात काय करावं?

पहिली गोष्ट फाटकावर. कामाची जागा ही कोटपाच्या अर्थाने सार्वजनिक जागा आहे, तिथे धूम्रपानाला २०० रुपयांपर्यंत दंड आहे. २००८ च्या नियमांप्रमाणे ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटरचा ‘धूम्रपान निषिद्ध’ फलक लावणं मालकावर बंधनकारक आहे, आणि अशा जागेत राखदाणी, काडीपेटी, लायटर पुरवायलाही मनाई आहे. आत ओढायचंच नाही, म्हणून आत राखदाणीही नाही, असा हा हिशोब.

पण माणूस बाहेर ओढून येतो, त्याची सोय करायला हवी. फाटकाबाहेर, वारा कापसाकडून जिकडे वाहतो त्या बाजूला, कापसाच्या गाड्यांपासून दूर, वाळूने अर्धं भरलेलं एक लोखंडी टिप (पिंप) ठेवा. काडीपेटी आणि लायटर तिथेच एका पेटीत जमा करून घ्या. हमाल, ड्रायव्हर, काट्यावर आलेला शेतकरी, सगळ्यांना हेच लागू. मुकादमाला सूट दिली की नियम संपला.

गाठीतून वास किंवा धूर आला तर ती थप्पीतून ओढून उघड्या मैदानात, इतर गाठींपासून दूर न्या. ती उघडण्याआधी पाण्याचा पाइप भरून, दाब तपासून हाताशी ठेवा, कारण पट्ट्या तोडल्यावर हवा आत जाते आणि गाठ भडकते. वरून पाणी मारल्याने आतली आग विझत नाही. दाबलेल्या रुईत पाणी शिरतच नाही, बाजूने ओघळून जातं. गाठ थर थर सोडवून प्रत्येक थर भिजवावा लागतो. कार्बन डायऑक्साइडचं किंवा पावडरचं सिलिंडर इथे फसवतं: ज्वाळा दबते, धुमसणारा निखारा तसाच राहतो, वायू उडून गेला की पुन्हा पेट घेतो. विझवलेली गाठ निदान पाच दिवस वेगळी ठेवून रोज तपासा. त्याच दिवशी त्याच कापसातून दाबलेल्या शेजारच्या गाठींकडेही लक्ष ठेवा.

घरात कापसाची गादी आहे. खाटेवर पडून ओढणं किती धोक्याचं?

अमेरिकेत गाद्यांची सिगारेटीने चाचणी घ्यायचा नियम १९७३ पासून आहे, तो याच धोक्यामुळे. निखारा पडल्यावर गादी लगेच पेटत नाही. अर्धा तास, एक तास, कधी त्याहून जास्त वेळ ती आतून धुमसते. त्या काळात खोलीत कार्बन मोनॉक्साइड भरतो. त्याला वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही, तो बेशुद्धीतच जातो. अशा आगीत ज्वाळा उठण्याआधीच माणूस गेलेला असू शकतो. दारू घेतलेला, झोपेची किंवा दुखण्याची गोळी घेतलेला, अंथरुणाला खिळलेला माणूस सगळ्यात जास्त धोक्यात.

गादीला बारीक भोक पडलेलं दिसलं आणि धूर अगदी थोडा असेल तर आधी घरातल्या सगळ्यांना, विशेषतः पोरांना आणि म्हाताऱ्यांना, बाहेर काढा. मग त्या जागी तांब्याभर नव्हे, बादलीभर पाणी ओता. अभ्रा कापून आतला काळा पडलेला कापूस आणि त्याच्या भोवतालचा वीतभर चांगला दिसणारा कापूसही उपसून पाण्याच्या बादलीत बुडवा. धुमसती गादी उचलून घरातून किंवा जिन्यावरून नेऊ नका. चालताना हवा लागून ती हातातच भडकते आणि वाट बंद होते. विझली असं वाटलं तरी ती रात्री घरात ठेवू नका. भिजवून अंगणात, भिंतीपासून लांब टाका. धूर दाट असेल तर गादीकडे जाऊच नका. दार ओढून घ्या, बाहेर पडा, १०१ किंवा ११२ ला फोन करा.

फोमच्या गादीची तऱ्हा वेगळी. फोम धुमसण्यापेक्षा वितळतो, पण ज्वाळा लागली की काही मिनिटांत सगळी खोली पेटते आणि धूर फार विषारी असतो. कापसावर फोमचा थर घातलेल्या गादीत दोन्ही धोके एकत्र येतात.

दम्याच्या रुग्णाला घरी ऑक्सिजन लावलाय. तो लांब बसून ओढतो, चालेल का?

अजिबात नाही, आणि यात सवलत नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो साचलेल्या पांघरुणात, कपड्यांत, केसांत किंवा दाढीत एक निखारा पडला तरी क्षणात भडका उडतो. नळी काढून ठेवली तरी कपड्यांत काही वेळ ऑक्सिजन राहतो. त्या खोलीत कोणीच ओढू नये, दिवा-उदबत्तीही लावू नये.

कडब्याची गंजी, सोयाबीनचा ढीग, पाचट: इथे सिगारेटीच्या कायद्याचा कितपत उपयोग होईल?

थोडा. आधी म्हटल्याप्रमाणे चाचणी २३ अंशांच्या खोलीत, गाळण कागदावर होते. मे महिन्यातल्या दुपारी परभणी किंवा हिंगोलीच्या माळावर तापमान चाळिशीच्या पार असतं, हवा कोरडी आणि वारा सुटलेला. वणव्यांचा तपास करणारे जाणकार हवेतली आर्द्रता साधारण २२ टक्क्यांच्या खाली गेली की टाकलेल्या थोटकाने बारीक वाळलेलं गवत पेटण्याचा धोका खरा मानतात. त्याच्या वर असेल तर थोटूक बहुतेक वेळा विझून जातं. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी आर्द्रता त्याच्या खाली कितीतरी वेळा जाते. म्हणून होळीनंतर पाऊस पडेपर्यंत, दुपारी अकरा ते पाच या वेळेत गंजीजवळ, बांधावर, पाचटात काहीही पेटवू नका.

गंजी रचतानाच विचार केला तर नुकसान आटोक्यात राहतं. एकच मोठी गंजी न घालता दोन-तीन लहान घाला, मध्ये निदान पन्नास फूट अंतर सोडा. घर, गोठा आणि विजेच्या तारेपासून लांब जागा निवडा. भोवती दहा फुटांचा पट्टा वखरून काळा करून ठेवा. पाण्याने भरलेला २०० लिटरचा टिप, दोन बादल्या आणि चार रिकामी गोणपाटं तिथेच असू द्या. ओलं गोणपाट गवतातल्या आगीवर बादलीपेक्षा कामाला येतं.

गंजी पेटली की जळणाऱ्या भागावर पाणी घालत बसण्यापेक्षा न पेटलेला कडबा ओढून वेगळा करणं आणि शेजारची गंजी भिजवणं जास्त उपयोगाचं. बंब तालुक्याहून यायला वेळ लागतो. जनावरांची दावी आधी कापा, सोडत बसू नका.

एक गोष्ट ध्यानात असू द्या: ओलसर कडबा किंवा गुळी दाबून रचली तर ती आतूनच तापते आणि कोणी काही न टाकताही पेट घेऊ शकते. गंजीतून आंबूस, करपट वास आला, हात घातल्यावर चटका बसला तर बिडीवाल्याला शोधण्याआधी गंजी फोडा, पण पाणी हाताशी ठेवूनच.

ऊसतोडीच्या कोप्यांचं वेगळं सांगायला हवं. बीड, धाराशिव भागातून कारखान्यांवर जाणारी कुटुंबं पाचटाच्या आणि चटयांच्या कोप्यांत महिनोन्महिने राहतात. कोपीला दार एकच, आत पोरं झोपलेली. अशी कोपी पेटली की आत शिरून कोणाला बाहेर काढायला वेळच मिळत नाही. कोपीत बिडी नको, चूल कोपीच्या बाहेर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवी, दोन कोप्यांमध्ये निदान वीस फूट मोकळी जागा हवी. ही सोय करणं हे मुकादमाचं आणि कारखान्याचं काम आहे, मजुराच्या सावधपणावर ते ढकलू नये.

थोटूक नीट विझवायचं कसं?

चपलेखाली एकदा दाबल्याने विझतं असं नाही, विशेषतः मऊ मातीवर. निखारा मातीत दबतो आणि वाऱ्याने पुन्हा उघडा पडतो. दगडावर किंवा वाळूत टोक दाबून, पिळून राख पूर्ण सुटी करा, मग पाण्यात टाका. काडी टाकण्याआधी मोडून बघा. हाताने मोडता आली म्हणजे ती गार झालेली आहे. राखदाणी खोल आणि जड हवी, आत थोडं पाणी किंवा वाळू. ती प्लॅस्टिकच्या कचरापेटीत, कागदांवर रिकामी करू नका. दुचाकीवरून किंवा एसटीच्या खिडकीतून थोटूक फेकणं सगळ्यात वाईट, कारण वाऱ्याने निखारा फुलतो आणि तो पडतो रस्त्याकडेच्या गवतात.

निष्काळजीपणाने आग लागली तर कायदा काय म्हणतो?

आगीबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोणाचा जीव गेला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. गौताळा, येडशी किंवा किनवटच्या राखीव जंगलात आग लावणं किंवा पेटतं काही सोडून जाणं हा १९२७ च्या वन कायद्यातला वेगळा गुन्हा आहे. गोदामं आणि कारखान्यांना महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्याप्रमाणे आगविरोधी यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं.

अशा आगीची नुकसानभरपाई मिळते का?

आग ही आपत्ती मदतीच्या केंद्रीय यादीतली आपत्ती आहे, त्यामुळे पंचनामा झाल्याशिवाय जागा साफ करू नका. तलाठ्याला त्याच दिवशी लेखी कळवा, जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल घ्या, बंब आला असेल तर अग्निशमन दलाचा दाखला मागा, पोलिसांत नोंद करा. सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. कापूस किंवा मालाचा खासगी विमा असेल तर कंपनीलाही त्याच दिवशी कळवा.

भारतात हा नियम यावा म्हणून आम्ही काय करू शकतो?

हा विषय केंद्राचा आहे. एक वाट कोटपात किंवा त्याखालच्या नियमांत दुरुस्तीची. दुसरी भारतीय मानक ब्युरोची: २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे सुरक्षेच्या कारणासाठी केंद्र सरकार एखाद्या वस्तूवर मानक चिन्ह सक्तीचं करू शकतं. ग्रामसभेचा, बाजार समितीचा किंवा जिनिंगवाल्यांच्या संघटनेचा ठराव करून तो खासदारांमार्फत आरोग्य मंत्रालयाकडे आणि ब्युरोकडे पाठवा. ठरावात सोलची २०१२ ची शिफारस, आयएसओ १२८६३ आणि २५ टक्क्यांची मर्यादा, ही तिन्ही नावानिशी लिहा. नुसतं ‘सुरक्षित सिगारेट हवी’ असं लिहिलं तर ते पत्र कुठेतरी पडून राहील.

पण त्याआधी गावात एक काम होऊ शकतं, आणि ते आजच व्हायला हवं: नोंद. आगीच्या कागदावर कारणाच्या रकान्यात ‘अज्ञात’ किंवा सवयीने ‘शॉर्टसर्किट’ लिहिलं जातं. थोटूक कोणी शोधतच नाही. पंचनाम्याच्या वेळी हजर राहा आणि इतकं लिहून घ्या: आग पहिल्यांदा कुठे दिसली, तिथे वीज होती का, त्याआधी दोन-तीन तासांत तिथे कोण ओढत होतं, सिगारेट होती की बिडी, ती कशावर पडली (कापूस, गादी, कडबा, पाचट), वारा कसा होता आणि दिवसाची वेळ काय. थोटूक किंवा काडी सापडली तर हात न लावता फोटो काढा, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवा, आणि त्या पुराव्याची पंचनाम्यात वेगळी ओळ करायला लावा.